सारजाची पाठ

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा नद्यांवर पूल नव्हते आणि पलीकडे जायचं तर माणसं काठावर बसून नावेची वाट पाहत. लहानांनो, तुम्ही पुढे सरका. मोठ्यांनी मागे बसलं तरी चालेल, पण नीट ऐका. कारण या गोष्टीतली चूक मोठ्यांची आहे.

एका डोंगराच्या पायथ्याशी येसोबा नावाचा म्हातारा मूर्तिकार राहत असे. त्याने घडवलेली एक पाणी भरणारी बाई शेजारच्या गावच्या चौकात उभी होती. त्या गावातला आंधळा माणूस तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "हिची घागर भरलेली आहे. आत्ताच उचलली आहे तिने." असं त्या म्हाताऱ्याचं काम होतं. दूरदूरचे लोक त्याच्याकडे शिकायला येत.

असाच एक दिवस रेवण आला. वीस वर्षांचा, उंच, बोलायला चुणचुणीत. कोळशाचा तुकडा मिळाला की तो भिंतीवर माणसाचा चेहरा काढी, आणि त्या माणसाची आई मग ती भिंत कुणाला सारवू देत नसे. रेवणला ठाऊक होतं की आपल्या हातात काहीतरी आहे. आता ते त्याला दगडात उतरवायचं होतं.

येसोबाने त्याच्या हातात मातीचा गोळा दिला.

"याचा चेंडू कर."

रेवणने हसत हसत चेंडू केला. येसोबाने तो फळीवर ठेवून बोटाने ढकलला. चेंडू थोडा सरळ गेला आणि मग डावीकडे वळला.

"एका अंगाला जड आहे," म्हातारा म्हणाला. "पुन्हा कर."

चेंडू सरळ जायला बारा दिवस लागले. मग आला पेरू. तो डोळ्यांनी पाहायचा नाही. कापडी पिशवीत ठेवलेला असायचा. एक हात पिशवीत घालून चाचपायचा आणि दुसऱ्या हाताने मातीत करायचा. मग गोठ्यात बसलेली म्हैस. तिच्याभोवती आधी फेऱ्या मारायच्या, दर चार पावलांवर थांबायचं, आणि प्रत्येक जागेवरून ती कशी दिसते ते लक्षात ठेवायचं. मग कढईच्या कानात, म्हणजे धरायच्या कडीत, जी पोकळी असते, तिचा आकार वेगळा करून दाखवायचा. शेवटी मातीचा माणूस. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, बोटं नाहीत. तो फक्त कुठल्याही आधाराशिवाय उभा राहिला पाहिजे.

रेवणचा माणूस रोज दुपारपर्यंत कलंडलेला असे.

"तुला वाटतं माणूस पायांवर उभा राहतो," येसोबा म्हणे. "तो पाठीच्या कण्यावर उभा असतो. आधी पाठ कर."

"आणि चेहरा कधी, बाबा?"

"शेवटी."

रेवणला हे सोसत नव्हतं. ज्यांना साधी चिमणी काढता येत नव्हती, असे लोक त्याच्या पुढे गेले. त्यांची माणसं उभी राहू लागली. रेवणला मात्र येसोबाने पुन्हा म्हशीभोवती फिरायला लावलं. दुसरं कुणी असतं तर मुकाट्याने फिरत राहिलं असतं. पण ज्याचं कौतुक लहानपणापासून झालेलं असतं, त्याला पहिल्यांदा जमत नाही तेव्हा फार लागतं.

चौदा महिने झाले. तेव्हा एका गावाहून देवळाचे पंच आले. देवळाच्या भिंतीत बसवायला त्यांना दगडी वाजंत्री हवे होते. येसोबा त्या आठवड्यात खाणीवर गेला होता. रेवणने एक पातळ शिळा उचलली आणि चार दिवसांत तिच्यावर सनईवाला कोरला. गाल फुगलेले, डोळे अर्धे मिटलेले. पंच पाहतच राहिले. त्यांना त्या दगडातून सूर ऐकू आल्यासारखं वाटलं.

येसोबा परतला. त्याने शिळेवरून हात फिरवला.

"चेहरा सुरेख आहे," तो म्हणाला. "पण हा माणूस भिंतीतून बाहेर आला तर उभा राहील का?"

"तो बाहेर कशाला येईल, बाबा? त्याला भिंतीतच राहायचंय."

"तुला दर वेळी भिंतच मिळेल, असं कुणी सांगितलं? अजून दोन वर्षं थांब."

"चौदा महिने मी चेंडू वळतोय! लोक मूर्तीच्या समोर उभे राहतात, बाबा. मागे जाऊन कोण बघतं?"

येसोबाला पुष्कळ काही सांगायचं होतं. पण तो अबोल माणूस होता आणि रेवणच्या बोलण्याने दुखावला होता. तो एवढंच म्हणाला, "मग जा."

रेवण गेला.

पुढची बारा वर्षं त्याची फार चांगली गेली. देवळांच्या भिंती, राजवाड्याची दारं, विहिरींचे कठडे, सगळीकडे रेवणने कोरलेले चेहरे दिसू लागले. हसणारे, रुसलेले, झोपेतून उठलेले. प्रत्येकाच्या मागे भिंत होती. आपल्याला काय येत नाही, हे त्याला आठवायची वेळच आली नाही.

आता आपण नदीकाठी जाऊ.

त्या राज्यात एका नदीच्या पात्रात एक बेट होतं आणि बेटावर विणकरांची वस्ती होती. काठ आणि बेट यांच्यामध्ये सारजा नाव चालवी. रुंद खांद्यांची, कमी बोलणारी बाई. तिला नवरा नव्हता, मूल नव्हतं. नदीच्या तळाचा खडक अन् खडक तिच्या पायांना ओळखीचा होता.

एका दुपारी वर डोंगरात ढगफुटी झाली आणि नदी बघता बघता फुगली. नाव खडकावर आपटून फुटली. ज्यांना पोहता येत होतं ते पोहून काठाला लागले. मागे बेटावर राहिली एकतीस माणसं आणि एक म्हातारी. लेकरं, बाळंतिणी, वाकलेले म्हातारे.

पाण्याखाली खडकाची एक अरुंद ओळ होती. ती फक्त सारजाला माहीत होती. तिने पहिल्या लेकराला पाठीवर घेतलं.

"गळ्याला मिठी मार," ती म्हणाली. "डोळे मिट. हलू नको."

छातीएवढ्या पाण्यातून ती गेली आणि परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. एकतीस वेळा. प्रत्येकाने तिच्या मानेत तोंड खुपसलं होतं. प्रत्येकाला तिच्या खांद्याची हालचाल, तिचा श्वास, पाठीची ऊब एवढंच कळत होतं. उरलेली म्हातारी आपला हातमाग सोडून यायला तयार नव्हती. सारजा तिला आणायला बत्तिसाव्यांदा गेली. तोवर पाणी डोक्यावर गेलं होतं. दोघीही परतल्या नाहीत.

पूर ओसरला. वाचलेल्या एकतीस जणांनी ठरवलं की सारजाची मूर्ती घाटावर उभी करायची. सगळं गाव डोंगरावर गेलं आणि एक मोठा काळा पाषाण महिनाभर ओढत खाली घेऊन आलं. कुणाच्या तळहातांना कातडी राहिली नाही. दुसरा असा दगड आणायची ताकद गावात उरली नव्हती.

मग ते राज्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या मूर्तिकाराकडे गेले. म्हणजे रेवणकडे.

रेवणने त्यांची हकिगत ऐकली तेव्हा त्याचेही डोळे भरून आले. त्याने विचारलं, "मूर्ती कुठे बसवणार? मागे भिंत असेल ना?"

"भिंत कशाला, दादा?" एक म्हातारा विणकर म्हणाला. "घाटाच्या मधोमध ओटा बांधलाय. चहूकडून मोकळा. नदीवरनं, रस्त्यावरनं, बेटावरनं, कुठनंही दिसली पाहिजे ती."

मला हे येत नाही, असं म्हणायची ती वेळ होती. येसोबाकडे जाऊन विचारायचीही ती वेळ होती. म्हातारा तेव्हा जिवंत होता आणि दोन दिवसांच्या वाटेवर होता. पण बारा वर्षांत रेवणने 'येत नाही' हा शब्द उच्चारला नव्हता. तो म्हणाला, "करतो."

तो गावात आला आणि लोकांना एकेक करून बोलावू लागला.

"तिचं नाक कसं होतं?"

कुणी म्हणे सरळ, कुणी म्हणे बसकं. ठकू नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. सगळ्यांत आधी सारजाने तिलाच उचललं होतं. ती म्हणाली, "तिच्या उजव्या खांद्याला घट्टा होता. दोरीचा. माझ्या गालाला लागत होता. आणि ती चालायची ना, तेव्हा पाठ अशी, अशी व्हायची…" आणि ती स्वतः वाकून दाखवू लागली.

"ते राहू दे, बाळ," रेवण म्हणाला. "डोळ्यांचं सांग."

तो म्हातारा विणकर सारजाच्या मानेबद्दल बोलू लागला, एक बाळंतीण तिच्या ओल्या अंबाड्याबद्दल. रेवणने सगळ्यांना डोळ्यांवर, ओठांवर आणलं. शेवटी त्याने आपल्या मनानेच एक चेहरा ठरवला.

तो समोरून कोरू लागला, जसा शिळेवर कोरायचा तसा. कपाळ, गाल, ओठ. नाक जरा चुकलं, म्हणून तो आणखी आत गेला. नाक आत गेलं म्हणून गाल आत न्यावे लागले, गालांमुळे खांदे, खांद्यांमुळे छाती. दगडातून काढता येतं, दगडात परत घालता येत नाही. सहा महिने तो दगडाच्या एकाच बाजूला बसून होता. चेहरा पुरा झाला तेव्हा तो पहिल्यांदा उठून मागे गेला.

मागे वीतभर दगड उरला होता.

त्यात पाठ कुठून येणार? खांद्याचं हाड नाही, मानेची खळगी नाही, वाकलेला कणा नाही. रेवण बराच वेळ तिथे उभा राहिला. मग त्याने तो सपाट भाग घासून गुळगुळीत केला आणि मनाशी म्हणाला, लोक समोरच उभे राहतील.

मूर्ती ओट्यावर चढवली त्या सकाळी सगळं गाव जमलं होतं. कापड काढलं. इतका सुंदर चेहरा त्या गावाने कधी पाहिला नव्हता. डोळ्यांत माया होती. ओठांवर थकलेलं हसू होतं. कुणी हात जोडले, कुणी रडू लागलं. रेवण बाजूला उभा राहून ते पाहत होता आणि त्याच्या छातीवरचं ओझं उतरत होतं.

मग ती ठकू हळूच उठली आणि मूर्तीच्या मागे गेली.

तिच्यामागून विणकर गेला. मग बाळंतीण, मग बाकीचे. एकतीसच्या एकतीस माणसं, कुणी कुणाला न सांगता, मूर्तीच्या मागे जाऊन उभी राहिली. पुढे नुसते गावकरी आणि पाहुणे उरले.

ठकूने त्या सपाट दगडाला गाल लावला. थोडा वेळ तशीच राहिली. मग म्हणाली, "इथे काहीच नाहीये."

कुणीही रेवणला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. म्हातारा विणकर त्याच्याजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "दादा, चेहरा फार छान झालाय. कुणीही नाव ठेवणार नाही. पण आम्ही त्या दिवशी तो पाहिलाच नव्हता. आमचे डोळे मिटलेले होते. आम्हाला तिची पाठ ठाऊक आहे."

रेवणने घाटावरून जी वाट धरली ती थेट येसोबाच्या दारापर्यंत.

येसोबा आता फार थकला होता. त्याला कमी दिसे. रेवणने त्याच्या पायाशी बसून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. सांगून झाल्यावर तो येसोबाच्या रागाची वाट पाहत राहिला.

"चूक माझीही आहे," येसोबा म्हणाला. "मी तुला चेंडू करायला लावला, म्हशीभोवती फिरवलं. कशासाठी, ते कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, करता करता कळेल. आणि तू निघालास तेव्हा मला राग आला म्हणून गप्प बसलो. तेव्हा दोन शब्द बोललो असतो तर ती बाई आज घाटावर पाठीसकट उभी असती."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "शिकायचंय?"

"हो."

"माती भिजवून ठेव."

राज्यातला नावाजलेला मूर्तिकार पुन्हा चेंडू वळायला बसला. आता त्याचे केस कानांपाशी पिकले होते. नवशिके त्याच्याकडे पाहून कुजबुजत. त्याने पिशवीत हात घालून पेरू केला. म्हशीच्या पाठीवर पाणी कसं ओघळतं ते पाहिलं. आधी न बसलेलं सगळं आता त्याच्या बोटांत बसू लागलं, कारण आता प्रत्येक वळणाशी त्याला तो वीतभर सपाट दगड दिसे. आठव्या पावसाळ्यानंतर त्याचा मातीचा माणूस दिवसभर उभा राहिला. येसोबाने त्याची पाठ चाचपली आणि मान हलवली. त्याच वर्षी म्हातारा वारला.

घाट सोडून गेल्याला नऊ वर्षं झाली तेव्हा रेवण परत त्या नदीवर आला. सोबत बैलगाडीवर एक पाषाण होता. तो त्याने स्वतः निवडून आणला होता. आता तो सारजाची पाठ करू शकत होता. वाकलेली, पाण्याला रेटणारी, कुणाला तरी धरून असलेली. त्याला फक्त त्या माणसांचे शब्द पुन्हा ऐकायचे होते. या वेळी तो एकही शब्द सोडणार नव्हता.

घाटावर आला आणि थबकला. मूर्तीच्या मागे एक भिंत उभी होती. येणाऱ्याजाणाऱ्याने मागे डोकावून आपल्या सारजाला हसू नये, म्हणून गावानेच मायेने ती बांधली होती. पुढे हळदीकुंकवाचे थर होते. परगावच्या लग्नाच्या वयाच्या मुली रांगेत उभ्या होत्या.

"काय मागता गं हिच्याकडे?" रेवणने विचारलं.

"रूप," एक मुलगी लाजून म्हणाली. "ही सुंदराई आहे. हिला पाच शुक्रवार फुलं वाहिली की चेहरा उजळतो."

"आणि पुराचं? माणसं वाचवली होती, ते?"

"कसला पूर?" मुलींनी विचारलं. त्यांना काही माहीत नव्हतं.

रेवण विणकराच्या घरी गेला. म्हातारा वारून पाच वर्षं झाली होती. बाळंतीण कुठे दूर निघून गेली होती, तिचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. बाकीचे म्हातारे वारले होते किंवा त्यांना आता कशाचीच आठवण नव्हती, आणि बाकीची लेकरं तेव्हा फार लहान होती. उरली होती ठकू. तिचं लग्न झालं होतं, कडेवर मूल होतं. तिने रेवणला ओळखलं, बसायला पाट दिला, पाणी दिलं.

"ठकू," रेवण म्हणाला, "तू मला काहीतरी सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही. तिच्या पाठीचं. तिच्या खांद्याचं. आता सांग. कितीही वेळ लागू दे."

ठकूने डोळे मिटले. कडेवरचं मूल तिचे केस ओढत होतं, तरी तिला कळलं नाही. मग तिने डोळे उघडले, आणि ते भरलेले होते.

"दादा, खरं सांगू? आधी डोळे मिटले की तिची पाठ जाणवायची. अगदी इथे, गालाला. पण मग रोज घाटावर जायचे, रोज तुमची मूर्ती दिसायची. आता डोळे मिटते ना, तर तो चेहराच दिसतो." तिने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तो चेहरा तिचा नव्हता, हे मला माहीत आहे. पण दुसरं काही आठवतच नाही."

रेवणने तिला पुन्हा विचारलं नाही.

त्याने गावातल्या लोकांना विनवलं की ती भिंत तरी पाडू द्या. पण देवीमागची भिंत पाडायला कोण तयार होणार? तो त्याच काठावर झोपडी बांधून राहिला आणि शिकायला येईल त्याला शिकवू लागला. मातीचा पहिला गोळा हातात देण्याआधी तो प्रत्येकाला सारजाची गोष्ट सांगे, म्हणजे आपण चेंडू का करतोय ते त्याला कळावं. त्याचे शिष्य मोठे झाले, त्यांनी गावोगावी मूर्ती उभ्या केल्या आणि लोक त्यांच्याभोवती फिरून फिरून पाहत राहिले.

बैलगाडीवरून आणलेला तो पाषाण मात्र रेवणच्या दारात तसाच पडून राहिला. त्याने छिन्नी अनेकदा उचलली. पाठ कशी करायची ते त्याला आता पक्कं ठाऊक होतं. सारजाची पाठ कशी होती, ते सांगणारं जगात कुणी उरलं नव्हतं.

म्हणून लक्षात ठेवा: पाया रचायला कंटाळून जो शिकणं पुढे ढकलतो, त्याला कला येते तेव्हा ती ज्यांच्यासाठी शिकायची होती ती माणसं निघून गेलेली असतात.